काकाच्या नावाची कंपनी

हे लिहिण्याचा मला अधिकार आहे की नाही, याची खात्री नाही, म्हणून आधीच क्षमा मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही. पाड्यावर लिहिणं म्हणजे अर्ज लिहिणं, आणि मी तेवढंच लिहीत आलो आहे. रेशन कार्डात नाव चढवण्याचा अर्ज, जातीच्या दाखल्याचा अर्ज. अर्जाची सुरुवात आणि शेवट ठरलेला असतो. इथे तसं काही नाही, त्यामुळे चाचपडत लिहितो आहे. शिवाय ज्याच्याबद्दल लिहायचं त्या माझ्या काकाची परवानगी मी घेतलेली नाही. घेता आली नाही. नाव कुणाचंच देत नाही. काकाचं नाव माझ्या हातून एकदा एका फॉर्मवर लिहिलं गेलं, तेवढं पुरे झालं.

आमचा पाडा मनोरच्या पुढे, हायवे सोडून आत गेल्यावर. शेती पावसावरची, भात निघाला की काम संपतं. काका म्हणजे वडिलांचा धाकटा भाऊ. तो बोईसरच्या एमआयडीसीत एका ठेकेदाराकडे लागला होता. रसायनांचे रिकामे ड्रम धुवायचे, हे काम. घरी येऊन आंघोळ केली तरी त्याच्या अंगाला आंबूस वास राहायचा. काकी म्हणायची, "माणूस धुतला, पन ड्रम घरातच ऱ्हायला."

ठेकेदाराकडे पगाराची एक रीत होती. पगार बँकेत जमा व्हायचा, पूर्ण, कायद्याने ठरलेला. पण कामगारांची एटीएम कार्डं ठेकेदाराच्या कपाटात असायची. प्रत्येक कार्डाला चिकटपट्टी आणि तिच्यावर पेनाने पिन लिहिलेला. पगार झाला की ठेकेदाराचा माणूस कार्डांचा गठ्ठा घेऊन मशीनवर जायचा, सगळं काढायचा, त्यातला ठेकेदाराचा हिस्सा बाजूला ठेवायचा आणि उरलेले पैसे पाकिटात घालून द्यायचा. कागदावर कामगाराला पूर्ण पगार मिळालेला असायचा. काकाला यात विशेष काही वाटत नव्हतं. "कार्ड माझ्याकडं ऱ्हायलं तर मी हरवीन," तो म्हणायचा. "त्यांच्याकडं कपाट हाय."

मी तेव्हा पालघरच्या वसतिगृहात राहून बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला होतो. कॉलेजात वक्तृत्व स्पर्धा झाली. विषय होता रोखीशिवाय चालणारा समाज. मी बाजूने बोललो. रोख पैसा कुठून आला, कुठे गेला हे कळत नाही, म्हणून कर चुकवणाऱ्यांचं फावतं. प्रत्येक रुपयाचा माग राहिला की चोराला लपायला जागा उरणार नाही. मला दुसऱ्या क्रमांकाचं प्रमाणपत्र मिळालं. सुट्टीत घरी आल्यावर मी ते भाषण ओट्यावर उभा राहून म्हणून दाखवलं. सगळ्यांनी ऐकलं.

"म्हणजे समदं सरकारला दिसणार?" काकीने विचारलं.

"हो. पारदर्शक."

"मंग मी कुडाच्या बांबूत नोटा घालून ठेवते, त्या पन?"

काका एकदम वळला. "कुठल्या बांबूत?"

"बघ," काकी मला म्हणाली, "तुज्या भाषणानं चोर न्हाय सापडला, बायको सापडली."

सगळे हसले. काकाने त्यानंतर दोन दिवस कुडाचे बांबू ठोकून पाहिले. काकीने जागा बदलली होती. मी मात्र तिला समजावत बसलो की असे पैसे वाढत नाहीत, ते बँकेत टाकायला हवेत. ती म्हणाली, "नको वाढू दे. न्हाय दिसले म्हंजी झालं." मला वाटलं, हिला अर्थव्यवस्था कळत नाही.

त्याच सुट्टीत काकानेच मला काम मिळवून दिलं. ठेकेदाराचे हिशेब पाहणारा एक माणूस बोईसर स्टेशनजवळ एका गाळ्यात बसायचा. सगळे त्याला अकाउंटवाला म्हणत. संगणकावर फॉर्म भरायला त्याला कोणीतरी हवं होतं. काका म्हणाला, "माजा पुतन्या कामर्स करतो." ही गोष्ट त्याने गेटवर, चहाच्या टपरीवर, सगळीकडे सांगितली होती.

मी महिनाभर फॉर्म भरले. बहुतेक पीएफचे होते. एके दिवशी अकाउंटवाल्याने चार माणसांची कागदपत्रं पुढे टाकली, आधार, पॅन, फोटो, विजेचं बिल. त्यात काकाचीही होती. तो म्हणाला, "इन चारों का रजिस्ट्रेशन कर दे. ओटीपी आएगा, फोन करके ले लेना. तेरे चाचा का तो तू ही ले, तुझसे बात करेगा."

फॉर्म पीएफचा नव्हता. जीएसटीचा होता. धंद्याचं नाव काकाच्या आडनावावरून केलेलं, आणि पुढे 'ट्रेडर्स'. मालक म्हणून काका. मी विचारलं, "सर, हे तर प्रोप्रायटर..."

"फॉर्मेलिटी है. ठेकेदार के नीचे छोटा ठेकेदार दिखाना पड़ता है. चाचा का ही फायदा है."

मला तेव्हा कळलं होतं का? हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला आहे. पूर्ण कळलं नव्हतं. पण 'प्रोप्रायटर' हा शब्द मी वाचला होता, त्याचा अर्थ मला माहीत होता, आणि मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. पहिल्यांदाच कोणीतरी मला खुर्ची दिली होती, पंखा माझ्या बाजूला वळवला होता.

काकाला फोन केला. कारखान्यात आत फोन नेऊ देत नसत, वॉचमनकडे ठेवावा लागे. काका चहाच्या सुट्टीत गेटबाहेर आला आणि ओले गमबूट घालून उन्हात फोन हातात धरून उभा राहिला. दोनदा नंबर आला, पण त्याला तो उघडता येईपर्यंत वेळ संपून गेला. तिसऱ्यांदा एसटी दिसावी तसा तो ओरडला, "आला, आला! लिही. चार... मंग सून्य... परत चार..." सहाही आकडे त्याने सावकाश सांगितले. मग विचारलं, "बराबर हाय ना? तुला तरास नाय ना झाला?"

आमच्याकडे हे असंच असतं. शिकलेल्या पोराने नंबर मागितला तर तो द्यायचा. तो कशासाठी हे विचारणं म्हणजे त्याच्यावर संशय घेणं. पाड्यावरच्या कितीतरी घरांचे कागद माझ्या पिशवीत असत आणि कोणी कधी काही विचारत नसे. मला याचा अभिमान वाटायचा.

पुढच्या वर्षी काकाला घरकुल मंजूर झालं. वीस वर्षं कुडाच्या घरात काढल्यावर पक्कं घर. पहिल्या हप्त्यात पाया झाला. काकाने जोत्यावर उभं राहून हातवारे करून मला खोल्या दाखवल्या होत्या, इथे चूल, इथे दार, इथे तू अभ्यास करशील. दुसरा हप्ता खात्यात आला तेव्हा भिंती उभ्या करायच्या होत्या. ठेकेदाराकडून कसंबसं कार्ड मागून घेतलं, पण मशीनने पैसे दिले नाहीत. बँकेत गेला, तर खातं गोठवलंय म्हणाले. का, ते त्या खिडकीवर कोणाला माहीत नव्हतं.

आठवड्याने जीएसटी कार्यालयाचं पत्र आलं. इंग्रजीत. काकाने ते पिशवीत घालून, पिशवी शर्टाच्या आत धरून पालघरला माझ्या वसतिगृहापर्यंत आणलं. मी जिन्यात बसून वाचलं. काकाच्या कंपनीने वर्षभरात रसायनं आणि भंगार विकल्याची बिलं दिली होती. त्यावरचा कर भरलेला नव्हता. तो कर, दंड, व्याज मिळून रक्कम कोटीच्या वर होती. तोपर्यंत खातं बंद.

मी काकाला सांगितलं. तो हसला.

"कोटी? मंग एक फटफटी घे ना मला."

"काका, हसू नको."

"मी काय इकलं म्हनतात?"

"रसायनं."

"इकली कशी? मी तर धुतली."

मी त्याला काय झालं ते समजावलं. कुठल्यातरी कारखान्याने काकाच्या कंपनीकडून माल घेतल्याचं दाखवलं, त्या मालावरचा कर काकाला दिला असं दाखवलं, आणि तेवढी रक्कम स्वतःच्या करातून कापून घेतली. माल नव्हता. ट्रक हललाच नव्हता. नुसती बिलं होती आणि बिलांवर काकाचं नाव. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेल्याचंही दाखवलेलं होतं, सगळं बँकेतून, एकही नोट न वापरता. हे सांगताना मला माझ्या भाषणातली वाक्यं आठवत होती. माग राहिला होता, आणि तो थेट काकाच्या जोत्यापर्यंत येत होता.

"कंपनी कोनी काढली?" काकाने विचारलं.

मी सांगितलं. गेटबाहेरचा नंबर, सहा आकडे, सगळं. काकाने पत्राची घडी घातली. "तुला फशिवला," तो म्हणाला. त्याने 'आपल्याला' म्हटलं नाही, 'मला' म्हटलं नाही.

बातमी पाड्यावर पसरायला वेळ लागला नाही. टपरीवर काका गेला की कोणीतरी फडक्याने बाकडं पुसायचं. "शेट आले! शेटना कटिंग नको, फुल द्या!" दुसरा म्हणायचा, "शेट, आमाला पन तुमच्या कंपनीत लावा, ड्रम धुवाया." काका पहिल्यांदा हसायचा. मग टपरीवर जाणं बंद केलं. कामावरूनही त्याला कमी केलं होतं. त्या दिवसांत घरात तांदूळ आला तो काकीच्या लपवलेल्या नोटांतून.

खातं सोडवायचं तर लवकर सोडवायला हवं होतं. घरकुलालाही मुदत असते. भिंती वेळेत झाल्या नाहीत तर नाव रद्द होतं आणि यादीतल्या पुढच्याला घर जातं. म्हणजे सगळं या एका पत्राच्या उत्तरावर होतं. मी पालघरला कराच्या कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी ओरडून मला बाहेर काढलं असतं तर सोपं गेलं असतं. त्यांनी बसायला सांगितलं.

"अशी पत्रं घेऊन ड्रायव्हर येतात, कामवाल्या बाया येतात," ते म्हणाले. "त्यांनी स्वतः येऊन जबाब दिला, बोटाचा ठसा दिला, कागद कोणाला दिले ते सांगितलं, तर सुटतात. वेळ लागतो. फॉर्म भरला कोणी?"

"मी, सर."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे लिहून देशील? तुझ्यावरही येऊ शकतं."

"देईन."

"मग काकाला घेऊन ये. त्याच्याशिवाय तुझ्या लिहिण्याचा उपयोग नाही."

मी पाड्यावर गेलो तेव्हा काका नव्हता. दोन दिवसांपूर्वी ठेकेदाराचा माणूस मोटारसायकलवर येऊन गेला होता. त्याने काकाला सांगितलं, पोलीस येणार, तुला ठाण्याला नेणार, थोडे दिवस लांब जा, आणि फोन बंद ठेव, फोनवरून माणूस सापडतो. काकाने फोन काकीच्या हातात दिला. सातपाटीला बोटीवर खलाशी म्हणून जातो म्हणाला. तिथे आधार मागत नाहीत, बँक मागत नाहीत. फेरी झाली की मालक हातात पैसे देतो.

मी सातपाटीला गेलो. इथे माझ्या हातून दुसरी चूक झाली, आणि ती मला पहिलीपेक्षा जास्त बोचते. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता, खोचला होता, काखेत फाइल होती. वाटलं, असं गेलं की लोक नीट उत्तर देतात. बांबूंवर बोंबील वाळत घालणाऱ्या एका बाईला मी विचारलं, मनोरकडचा एक खलाशी कुठल्या बोटीवर आहे.

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बँकेचा का रं तू?"

"नाही. कराच्या कार्यालयाचं काम आहे," मी म्हणालो. "सही पाहिजे त्यांची. महत्त्वाचं आहे."

"अगो बाय," ती शेजारणीला म्हणाली, "आता बोंबलावर पन कर लावतीन." आणि मला, "बोट चार दिसांनी येल. फाइल झाक, मासळीचं पानी उडंल."

चार दिवसांनी मी पुन्हा गेलो. बोट आली. टोपल्या उतरल्या, बर्फ उतरला, माणसं उतरली. काका नव्हता. तांडेलाला विचारलं, म्हणजे बोटीच्या मुख्य माणसाला.

"तो? तो काल दातिवऱ्याला उतरला. बोट जवळून जात व्हती, मला म्हनाला मला हितंच सोड. धक्क्यावरून फोन आला व्हता आमाला, कराचा कोनी सायब फाइल घेऊन तुमच्या खलाशाला शोधतो म्हनून." मग त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "तू सायब का?"

"मी त्यांचा पुतण्या."

"मंग तसं सांगायचं ना बाबा," तांडेल म्हणाला. "पुतन्या आलाय म्हटलं असतं तर तो थांबला असता."

मी दातिवऱ्याला गेलो. तिथे कोणी त्याला पाहिलं नव्हतं, किंवा पाहिलं असं सांगितलं नाही. या वेळी मी प्रत्येकाला पुतण्या म्हणून सांगत होतो. शर्ट बाहेर काढला होता. फाइल पिशवीत होती. उपयोग झाला नाही.

काकाशिवायच मी जबाब लिहून दिला. काकीने शपथेवर लिहून दिलं, वडिलांनी दिलं, ड्रम धुणाऱ्या दोघांनी घाबरत घाबरत दिलं. साहेब म्हणाले, बघतो. अकाउंटवाल्याचा गाळा तोपर्यंत बंद होऊन तिथे मोबाइलची कव्हरं विकायला लागली होती. ठेकेदाराचं काम चालूच होतं. कपाटही तेच असेल.

मी दर पंधरवड्याला कार्यालयात जायचो. कधी साहेब दौऱ्यावर, कधी फाइल वर गेलेली. बाकड्यावर बसून मी पुष्कळ विचार करायचो, आणि तो अजून नीट मांडता येत नाही. कर भरायला हवा असं मला आजही वाटतं. काकाचं घरकुल कुणाच्या तरी करातूनच येत होतं. पण भाषणात मी म्हणालो होतो की ज्याला लपवायचं नाही त्याला भीती नाही. काकाकडे लपवण्यासारखं काही नव्हतं. त्याचं सगळं दुसऱ्यांच्या कपाटात उघडं होतं, कार्ड, पिन, आधार. लपवायची सोय ज्यांच्याकडे होती त्यांनी त्याला पुढे उभं केलं. मला वाटतं, काकीला काय दिसू द्यायचं आणि काय नाही हे ठरवता येत होतं, आणि आम्हा शिकलेल्यांनी तिचं तेच आधी काढून घ्यायला पाहिलं. यावर उपाय काय, हे मला माहीत नाही. हे कबूल करून पुढे जातो.

होळीला मी घरी गेलो नाही. दुसऱ्या वर्षाची परीक्षा होती आणि घरी जायला तोंडही नव्हतं.

मे महिन्यात आदेश निघाला. काकाच्या नावावरची नोंदणी सुरुवातीपासून रद्द, खात्यावरची बंदी उठवण्याबद्दल बँकेला पत्र. साहेबांनी मला प्रत दिली, म्हणाले, "घरकुलवाल्यांना ही दाखव. मुदत वाढवून देतील." मी तिच्या तीन झेरॉक्स काढल्या. मनोरला उतरून पाड्यापर्यंत चालत गेलो, रिक्षाची वाट पाहिली नाही.

वडील अंगणात सरपण फोडत होते. मी कागद पुढे केला आणि भराभर सांगितलं. सुटला म्हणालो. आता काका आला की बँकेत जाऊ, मग पंचायतीत जाऊ, पावसाच्या आत निदान भिंती होतील.

वडिलांनी कुऱ्हाड ठेवली. "बस," म्हणाले.

मी बसलो.

"तो आला व्हता. व्होळीला."

"काका? कुठाय मग?"

"व्होळीच्या दुसऱ्या दिसी पंचायतीत गेला. एकटाच. म्हनला, मला घर नको. माजं नाव काढा, समद्या यादीतनं काढा, घरकुलाच्या, रेशनच्या, जितं जितं लिवलंय तितनं. ग्रामसेवकानं लय समजावला. आयकला नाय. मंग त्यांनी लिवून घेतलं. सही येती त्याला, तरी आंगठा दिला."

"आणि पहिला हप्ता? पायाला घातलेला?"

"तो माघारी भरावा लागला. इटभट्टीच्या मुकादमाकडून दोघांच्या नावावर उचल घेतली, काम करून फेडायची, आन् भरला. रोख. काकीला घेऊन गेला संगती."

मी विचारलं, "मला का नाही कळवलं?"

"तोच म्हनला, पोराची परीक्षा हाय, त्याला सांगू नका. लय घोर लावून घेतो म्हनला." वडिलांनी कागद माझ्या हातातून घेतला, उलटा-सुलटा पाहिला आणि परत दिला. "घर पलीकडल्या पाड्यावर गेलं. यादीत पुढं त्यांचा नंबर व्हता."

"कुठल्या भट्टीवर गेलेत?"

"ते नाय सांगितलं," वडील म्हणाले. "इचारलं मी. म्हनला, तुला ठावं नसलेलं बरं, कोनी इचारलं तर खोटं बोलाया नको."

ही बातमी माझ्यापर्यंत पोहोचायला दोन महिने लागले होते.